ओघळ

आमच्या घरात 'ओघळ' हा शब्द वाईट बातमीसारखा उच्चारला जायचा. तात्या मिरजेत रंगकामाची कंत्राटं घेत. संध्याकाळी साइटवरून आले, सायकल भिंतीला टेकवली आणि आईला नुसतं 'आज दाराला ओघळ आला' म्हणाले, की त्या दिवशीचा चहा मुकाट्याने प्यायला जाई. ऑइल पेंटचा हात जाड बसला, किंवा टर्पेंटाइन जरा जास्त पडलं, किंवा ब्रश चौकटीच्या कोपऱ्यात भरून आला, की रंग आपल्याच वजनाने खाली सरकू लागतो. मारताना ते दिसत नाही. माणूस पुढच्या फळीकडे वळलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे एक थेंब सावकाश उतरत असतो. सकाळी जाऊन बघावं तर पांढऱ्याशुभ्र दारावर बोटभर लांबीची फुगीर, चकाकती शीर. ती काढायची म्हणजे आतपर्यंत वाळण्याची वाट बघायची, पट्टीने खरवडायची, पॉलिश पेपर मारायचा आणि अख्ख्या दाराला पुन्हा एक हात द्यायचा. तेवढ्याच जागी रंग लावला तर ठिगळ दिसतं. एकदा एका बंगल्याच्या मालकाने चौकटीवरच्या दोन ओघळांपायी पूर्ण दाराचे पैसे कापले. तात्यांनी वाद घातला नाही. ओघळ आहे म्हटल्यावर वाद कसला, असं त्यांचं म्हणणं.

रंगाच्या थराला त्या धंद्यात 'हात' म्हणतात. प्रायमरचा एक हात, मग लांबी म्हणजे पुट्टी भरून घासणं, मग रंगाचे दोन हात. प्रत्येक कामाची नोंद तात्या एका जाड डायरीत ठेवत: लांबी-रुंदी, कुठला रंग, किती हात. माझं निम्मं गणित त्या डायरीवर झालं, खिडक्या-दारं वजा करून भिंतीचे फूट काढता काढता.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर परत आलं ते कॅनबेरात, एका चित्रासमोर. अकरा वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात, बोचरा वारा सुटला होता म्हणून मी तलावाकाठच्या नॅशनल गॅलरीत शिरले. उघड्या काँक्रीटची भव्य इमारत, प्रवेश मोफत, आत ऊब. दोन-तीन दालनं ओलांडली आणि समोर एक भिंतभर चित्र आलं. काळा, पांढरा, नारिंगी, पिवळा, चांदीसारखा, असे सगळे रंग एकमेकांवरून धावलेले, साचलेले, शिंपडलेले. त्यात आठ गडद निळे खांब, थोडे कललेले, वाऱ्यात उभे असल्यासारखे. चित्राचं नाव 'ब्लू पोल्स'. चित्रकार जॅक्सन पोलॉक. साल १९५२. मला त्या वेळी पोलॉक फक्त नावाने माहीत होता. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो तात्यांचा चेहरा. इतके ओघळ, आणि त्यांतला एकही कोणी खरवडून काढलेला नाही.

त्यानंतर मी त्या चित्राकडे जातच राहिले. कधी महिन्यातून एकदा, कधी सहा महिन्यांनी. बाळंतपणाच्या रजेत तर बाबागाडी घेऊन आठवड्यातून दोनदा. त्याच्याविषयी वाचलं, त्याच्या चित्रकाराविषयी वाचलं. तरी मला तिथे नेमकं काय बघायला मिळतं, ते मी नवऱ्यालाही नीट सांगू शकले नव्हते.

गेल्या वर्षी तात्या आले. आई गुडघ्यांमुळे एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला तयार नव्हती, म्हणून एकटेच. वय चौऱ्याहत्तर. काम थांबवून सहा वर्षं झालीत, पण कुणाच्याही घरात गेले की आधी दारावरून बोट फिरवतात. त्यांना पार्लमेंट दाखवून झालं, कांगारू दाखवून झाले, आणि एका मंगळवारी मी म्हटलं, "तात्या, चला, तुम्हाला एक रंगकाम दाखवते."

बहुतेक माणसं त्या दालनात आली की आधी लांब उभी राहतात. चित्र एवढं मोठं आहे की ते नजरेत मावायला मागे सरकावं लागतं. तात्या सरळ जवळ गेले. इतके जवळ, की तिथल्या बाईंनी त्यांना हळूच दोन पावलं मागे यायला सांगितलं. मग ते चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि माझ्या शेजारी बाकावर बसून म्हणाले, "सात बाय सोळा. एकशेबारा फूट."

मी घरी येऊन ताडून बघितलं. २१२ सेंटिमीटर उंच, ४८९ सेंटिमीटर रुंद. तात्यांचा अंदाज अर्ध्या फुटानेही चुकला नव्हता.

"ऑइल पेंट आहे," ते पुढे म्हणाले. "आणि तो सिल्व्हर, आपण गेटला मारतो तो."

शेजारच्या पाटीवर तेच लिहिलं होतं: तैलरंग, इनॅमल, ॲल्युमिनियम पेंट आणि काच, कॅनव्हासवर. काचसुद्धा. त्या रंगात काचेचे तुकडे रुतलेले आहेत. रंगाची पिचकारी मारायला पोलॉक स्वयंपाकघरातल्या काचेच्या नळ्या वापरायचा. अशाच फुटलेल्या काचा त्या थरांत राहून गेल्या. अनवाणी पायाचा ठसाही आहे. तात्यांनी तो माझ्याआधी शोधला.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि मी दहा वर्षांत वाचलेलं सगळं मला प्रथमच मिरजेच्या भाषेत सांगावं लागलं.

पहिला प्रश्न अर्थातच रंगाचा. चित्रं काढणाऱ्या माणसाने दारं-खिडक्यांचा रंग का घेतला? मी म्हटलं, याची सुरुवात १९३६ सालची. डेव्हिड आल्फारो सिकेरोस नावाचा मेक्सिकन चित्रकार न्यूयॉर्कमध्ये आला होता. त्याने युनियन स्क्वेअरजवळ एक प्रयोगशाळाच काढली. नव्या काळाची चित्रं जुन्या ट्यूबमधल्या तैलरंगांनी का काढायची, कारखान्यातले रंग का नको, हा त्याचा सवाल होता. तिथे फळ्या जमिनीवर टाकून त्यांच्यावर रंग ओतत, ठिबकवत, फवारत. तिथे शिकायला येणाऱ्यांत चोवीस वर्षांचा पोलॉक होता. आणि सिकेरोसचा आवडता रंग होता मोटारींना मारायचा ड्युको.

"ड्युको!" तात्या एवढ्या जोरात म्हणाले की दोघा-तिघांनी वळून पाहिलं. आपल्याकडे सुतार आजही फर्निचरच्या फवारलेल्या फिनिशला ड्युकोच म्हणतात, गॅरेजवालेही म्हणतात. मिरजेच्या स्टेशन रोडवरच्या एखाद्या दुकानात रोज उच्चारला जाणारा शब्द या भिंतीवरच्या चित्राच्या मुळाशी आहे, हे मी दहा वर्षं वाचत होते आणि मला ते कधी जाणवलं नव्हतं. तात्यांना एका क्षणात ओळख पटली. त्यानंतर ते चित्राकडे वेगळ्या नजरेने बघू लागले, ओळखीच्या गावचा माणूस भेटल्यासारखे.

पोलॉक १९१२ मध्ये वायोमिंगमधल्या कोडी गावी जन्मला. बालपण ॲरिझोना-कॅलिफोर्नियात फिरतीवर गेलं. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला येऊन तो थॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराकडे शिकला. १९४५ मध्ये त्याने ली क्रॅस्नरशी लग्न केलं. ती स्वतः ताकदीची चित्रकार होती, आणि त्याच्यापायी तिची चित्रं वर्षानुवर्षं मागे पडली याचं मला फार वाईट वाटतं. दोघं लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या खेड्यात राहायला गेले. पाच हजार डॉलरचं घर, त्यातले दोन हजार गॅलरी चालवणाऱ्या पेगी गुगेनहाइमने उसने दिलेले. घरामागे एक लाकडी कोठार होतं. तिथे १९४७ च्या सुमारास त्याने कॅनव्हास भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरायला सुरुवात केली. ब्रशची टोकं कॅनव्हासला लागेनाशी झाली. वाळून कडक झालेला ब्रश किंवा काठी डब्यात बुडवायची आणि हवेतूनच रंग सोडायचा. त्याच वर्षीच्या एका चित्रात खिळे आहेत, बटणं आहेत, किल्लीसुद्धा आहे.

जमिनीवर मला जास्त मोकळं वाटतं, चारी बाजूंनी काम करता येतं, चित्राच्या आत शिरता येतं, असं त्याने त्या वेळी लिहिलं होतं. पश्चिमेकडच्या आदिवासींच्या वाळूचित्रांशी आपली पद्धत जुळते, असंही. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नावाहो लोकांनी जमिनीवर बसून रंगीत वाळूची चित्रं घातली होती. चिमटीतून वाळू सोडत, हात जमिनीला न लावता.

"रांगोळीवाणी," तात्या म्हणाले. एवढंच.

इथे मला एका बाईविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जेनेट सोबेल. १८९३ मध्ये युक्रेनमध्ये जन्मलेली. वडील तिथल्या ज्यूविरोधी हिंसाचारात मारले गेले. १९०८ मध्ये ती आईबरोबर अमेरिकेत आली. ब्रुकलिनमध्ये संसार, पाच मुलं. पंचेचाळिशीच्या आसपास, मुलाचं चित्रकलेचं सामान हाताशी होतं म्हणून, तिने चित्रं काढायला घेतली. काही वर्षांतच ती इनॅमल ठिबकवू लागली, ओतू लागली, काचेच्या ड्रॉपरने सोडू लागली. तिचं 'मिल्की वे' १९४५ सालचं आहे. पोलॉकची कोठारातली चित्रं त्यानंतरची. पेगी गुगेनहाइमच्या गॅलरीत तिची चित्रं लागली, पोलॉकने ती पाहिली, आणि त्यांची आपल्यावर छाप पडल्याचं त्याने कबूल केलं. हे पुढे क्लेमंट ग्रीनबर्ग या पोलॉकच्या मोठ्या पाठीराख्या समीक्षकानेच लिहून ठेवलं. मात्र लिहिताना तिची ओळख त्याने ब्रुकलिनमधली एक गृहिणी अशी करून दिली. ते वाचताना मला दरवेळी राग येतो. पोलॉकला कोणी 'स्प्रिंग्जमधला एक नवरा' म्हटलं नाही.

सोबेलचं काम थांबलं त्यामागे एक कारण असंही होतं की तिला रंगांची ॲलर्जी झाली. १९४६ मध्ये कुटुंब न्यू जर्सीला गेलं, ती खडूंकडे वळली, आणि जग तिला विसरलं. हे सांगत होते तेव्हा तात्या आपल्या हातांकडे बघत होते. त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अजून भेगा आहेत. टर्पेंटाइनने हात धुऊन धुऊन पडलेल्या. त्यांना आता उघड्या डब्याजवळ उभंही राहवत नाही, खोकल्याची उबळ येते. "त्या बाईला तरी कोणी सांगितलं असतं हातमोजे घाला म्हणून," ते म्हणाले. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

पोलॉकच्या या चित्रांना इंग्रजीत 'ड्रिप' म्हणण्याची रूढी आहे, आणि मराठीत लिहिणारेही मग 'ठिबक' लिहितात. मला तो शब्द पटत नाही. ठिबकणं म्हणजे नळ नीट बंद न झाल्यावर होतं ते. थेंब आपसूक पडतो, पाडणारा कोणी नसतो. या कॅनव्हासवर थेंब आहेत, शिंतोडे आहेत, डबकी आहेत, पण चित्र उभं आहे ते धारेवर. आपल्याकडे धार काढतात, धार धरतात, धार सोडतात. प्रत्येक क्रियापदात एक हात आहे आणि त्या हाताचा जोर आहे. पोलॉक धार सोडायचा. नाजूक ठिकाणी दोऱ्यासारखी, वळणावर फुगणारी, मध्येच तुटून पुन्हा सुरू होणारी.

धार साधणं किती कठीण आहे हे मला काकवीमुळे माहीत आहे. मामाच्या गावी गुऱ्हाळावर गरम काकवी ताटलीत मिळायची. चमचा उंच धरून काकवी सोडली की ती सरळ रेषेत पसरत नाही. ताटलीत पोचताच स्वतःभोवती गुंडाळत जाते, दोरीच्या वेटोळ्यासारखी. मधाचंही तेच, दाट रंगाचंही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या रोबेर्तो झेनित आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोलॉकची काम करतानाची जुनी फिल्म घेऊन त्याच्या हाताचा वेग आणि जमिनीपासूनची उंची मोजली, मग तशीच धार यंत्राने सोडून पाहिली. त्यांना दिसलं ते असं: रंगाचा दाटपणा, हाताचा वेग आणि उंची यांचा मेळ पोलॉक असा राखत होता की ती वेटोळी पडू नयेत. रेघ लांबच लांब जावी. वेग थोडा कमी झाला असता, हात थोडा वर गेला असता, तरी गुंडाळ्या पडल्या असत्या. याआधी १९९९ मध्ये सिडनीतल्या संशोधकांनी या चित्रांत निसर्गातल्यासारखी फ्रॅक्टल रचना, म्हणजे लहान-मोठ्या प्रत्येक मापात तोच नमुना, असल्याचं मांडलं होतं, त्याला पुढे केट जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी आव्हान दिलं. तो वाद मी वाचला, पण माझ्या मनात घर केलं ते काकवीच्या गणिताने.

मी हे सांगितलं तर तात्यांनी मान हलवली. नवीन माणूस कामाला घेताना ते त्याला ब्रश देत नसत. डब्यात काठी बुडवून उचलायला सांगत. काठीवरून रंग कसा खाली येतो, दोरी धरून येतो की तुटून येतो, हे बघून किती टर्पेंटाइन पाहिजे ते सांगता आलं, तर तो माणूस ठेवायचा. पोलॉक जी काठी डब्यातून उचलत होता तीच ही काठी. मिरजेत तिच्यावरून रंग बघून घेत आणि मग ब्रशने दार रंगवत. स्प्रिंग्जमध्ये काठीवरून पडणारा रंग हेच काम झालं.

"प्यायचा का?" तात्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. रंगकामात माणसं पितात. दिवसभर वासात राहून संध्याकाळी पितात, आणि तात्यांनी त्यातले किती तरी जण सांभाळले, काही गमावले. मी खरं ते सांगितलं. प्यायचा. फार प्यायचा. पण १९४८ च्या अखेरीपासून दोन वर्षं त्याने दारू सोडली होती. ईस्ट हॅम्प्टनच्या एका डॉक्टरवर त्याचा विश्वास बसला होता. आणि त्याच दोन वर्षांत 'ऑटम रिदम', 'लॅव्हेंडर मिस्ट', 'वन' ही त्याची सर्वांत मोठी धारेची चित्रं झाली. कोणी म्हणालं की हा सगळा गोंधळ आहे, तर त्याने तारेने उत्तर पाठवलं की गोंधळबिंधळ काही नाही. हान्स नामुथ या छायाचित्रकाराने त्याच्यावर फिल्म केली तीत तो स्वतःच्या आवाजात सांगतो, की रंगाचा ओघ मी ताब्यात ठेवू शकतो, इथे अपघात नाही. त्या फिल्मचं चित्रीकरण नोव्हेंबर १९५० मध्ये संपलं, त्याच संध्याकाळी तो परत प्यायला लागला. जेवणाचं भरलं टेबल त्याने पाहुण्यांसमोर उलथून टाकलं. तो डॉक्टर त्याच वर्षी आधी अपघातात गेला होता.

१९५१ भर त्याने जवळजवळ फक्त काळ्या रंगात काम केलं. आणि मग १९५२ मध्ये हे चित्र.

म्हणजे 'ब्लू पोल्स' हे त्याच्या भरातलं चित्र नाही. त्या वेळी ते नीट जमतही नव्हतं. ते कित्येकदा सोडलं गेलं, परत हाती घेतलं गेलं, थरांवर थर चढत गेले. टोनी स्मिथ आणि बार्नेट न्यूमन या त्याच्या मित्रांनी सुरुवातीला त्या कॅनव्हासवर रंग टाकला होता अशी कहाणी आहे. ली क्रॅस्नरने ती ठामपणे फेटाळली. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, कारण तसा रंग कधी पडला असलाच तर तो किती तरी खाली गाडला गेला आहे. पण ऑस्ट्रेलियात त्या कहाणीने कहर केला.

१९७३ मध्ये हे चित्र ऑस्ट्रेलियाने विकत घेतलं. गॅलरीची इमारतसुद्धा तेव्हा उभी नव्हती, ती उघडली १९८२ मध्ये. संचालक जेम्स मॉलिसन होते. दहा लाखांवरच्या खरेदीला पंतप्रधानांची मंजुरी लागे. किंमत होती तेरा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. अमेरिकन चित्राला तोवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी मंजुरी दिली आणि आकडा जाहीर करायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. दारुड्यांनी अनवाणी पायांनी चिखल केल्यासारखा रंग उडवला आणि त्यावर आमचे पैसे उधळले, अशा अर्थाचे मथळे आले. त्या वर्षी व्हिटलम यांनी आपल्या नाताळच्या शुभेच्छापत्रावर हेच चित्र छापलं. लोक चिडून बघायला गेले, रांगा लावून बघायला गेले. दोन वर्षांनी सरकार बरखास्त झालं, चित्र राहिलं. २०१६ मध्ये एका सिनेटरने ते विकून देशाचं कर्ज फेडायला हातभार लावा असं सुचवलं, तेव्हा त्याची किंमत पस्तीस कोटी डॉलर सांगितली जात होती. पोलॉकच्या हयातीत ते सहा हजारांना गेलं होतं, तो गेल्यावर बेन हेलर या संग्राहकाने बत्तीस हजारांना घेतलं.

तात्यांनी तेरा लाखांना एकशेबाराने भागलं. मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. मग तो आकडा त्यांनी मला सांगितला नाही. त्यांनी उठून परत चित्रासमोर जाऊन उभं राहणं पसंत केलं, या वेळी त्या बाईंनी आखून दिलेल्या अंतरावर.

ते बराच वेळ एकेका खांबासमोर थांबत होते. मी जवळ गेले.

"हे खांब फळीने मारलेत," ते म्हणाले. "फळीला रंग लावून ती टेकवली. बघ, कडा कशा सरळ आहेत, आणि मध्ये रंग ओढला गेलाय."

हेही बरोबर होतं. पोलॉकने लाकडाची लांब फळी रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबली होती. आठ वेळा.

"काम हातातून गेलं होतं त्याच्या," तात्या म्हणाले. "खाली बघ किती जाड बसलंय. एवढे हात कोणी आनंदाने देत नाही. जमेना म्हणून देत गेला. मग खांब मारले. सावरलं."

मी वाचलं होतं की बेंटन विद्यार्थ्यांना चित्र रचताना आधी उभे खांब कल्पायला आणि त्यांच्याभोवती आकृत्या फिरवायला शिकवायचे. पोलॉकने ज्या गुरूची शैली साफ टाकून दिली, त्याचा पहिला धडा वीस वर्षांनी अडचणीत उपयोगी पडला, असं समीक्षक लिहितात. काही जण हेही लिहितात की खांब म्हणजे नाइलाजाची मलमपट्टी आहे, म्हणून हे चित्र त्याच्या १९५० च्या चित्रांपेक्षा कमी प्रतीचं. मला ते मत कुठेतरी टोचायचं, पण त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

"पण खांब शेवटी नाहीत," तात्या पुढे म्हणाले. "हे बघ." खांबाच्या निळ्यावरून पांढऱ्याची एक बारीक धार गेली होती. वर दुसरी. पुढच्या खांबावर शिंतोडे. "खांब मारून थांबला नाही. त्यांच्यावरून परत सगळीकडे फिरला. नाहीतर ठिगळ दिसलं असतं."

मी त्या चित्रासमोर निदान शंभरदा उभी राहिले असेन. निळ्यावरची ती पांढरी धार मला दिसली होती, पण मी ती वाचली नव्हती. ओघळ खरवडून झाल्यावर अख्ख्या दाराला पुन्हा हात द्यावा लागतो, हे मी सातव्या वर्षापासून ऐकत आले होते. त्यानंतरचे पोलॉकचे दिवस मला माहीत होते: १९५३ मध्ये मोजकी चित्रं, मग जवळजवळ काही नाही, आणि ११ ऑगस्ट १९५६ च्या रात्री दारू पिऊन चालवलेली गाडी, त्यात तो आणि गाडीतली एक तरुण मुलगी असे दोघं गेले. चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्या मुलीचा काही दोष नव्हता, आणि हे मी तात्यांपासून लपवलं नाही. पण त्याच्या चार वर्षं आधी कधीतरी, काम हातातून सुटत असताना, त्या कोठारात हा माणूस फळी ठेवून परत काठी उचलतो, आणि आठही खांबांवरून फिरून त्यांना बाकीच्या रंगात ओढून घेतो. ते त्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तात्यांनी ते अर्ध्या तासात वाचलं.

निघताना मी त्यांना स्प्रिंग्जच्या कोठाराविषयी सांगितलं. १९५३ मध्ये पोलॉकने थंडी अडवायला जमिनीवर दाबलेल्या लाकडाच्या फरश्या बसवल्या. ली क्रॅस्नर १९८४ मध्ये गेली, त्यानंतर त्या उचलल्या तेव्हा खाली जुनी जमीन जशीच्या तशी निघाली. कॅनव्हासच्या कडेबाहेर पडलेला सगळा रंग तिच्यावर होता, सहा-सात वर्षांचा, या निळ्याच्यासुद्धा खुणा. आता लोक पायांत मऊ सपाता घालून तिच्यावर चालतात.

"जमीन पुसली नाही ते बरं केलं," तात्या म्हणाले. मग थोड्या वेळाने, तलावाच्या काठाने गाडीकडे चालताना, "आमच्या अड्ड्यावरची फळी होती बघ, डबे ठेवायची. ती तुझ्या आईने बंबात घातली." त्या फळीवर तीस वर्षांचे रंग होते. मला ती आठवते. अमुक घराचा पिस्ता, तमुक शाळेचा निळा, सगळे एकावर एक.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी बॅगेतून डायरी काढली. काम सुटलं तरी डायरी सुटलेली नाही. प्रवासातल्या खर्चाच्या नोंदी त्यात करतात. मी भांडी आवरत होते, ते टेबलाशी चष्मा लावून लिहीत बसले होते. झोपायला गेल्यावर मी ती उघडून बघितली. मंगळवारची तारीख, खाली कॅनबेरा. नेहमीच्या रकान्यांत नेहमीच्या अक्षरात लिहिलं होतं:

७ × १६. ऑइल पेंट, सिल्व्हर, काच. खांब ८, निळे, फळीने. हात: मोजता आले नाहीत.